उणे ऐंशीतल्या वहिनी

“नळीची अदलाबदल? आणि माझ्या हातून?” थंडोबा छाती काढून हसला. “मॅडम, या लॅबमध्ये माझे केस पांढरे झाले, पण एक नळी इकडची तिकडे झाली नाही. डोळ्यांना पट्टी बांधा आणि फ्रीझरपुढे उभं करा मला. कुठल्या खणात काय आहे ते नुसता हात लावून सांगतो.”

नव्या मॅडम फ्रीझरकडे बघत नव्हत्या. त्या खाली बघत होत्या.

“काका,” त्या म्हणाल्या, “तुमचे बूट.”

थंडोबानं पाहिलं. लॅबच्या सपाता अजून चढवायच्या होत्या. उजव्या पायात काळा बूट होता, नाडीचा. डाव्या पायात तपकिरी, बिननाडीचा. घरापासून बसपर्यंत, बसमधून उतरून लॅबपर्यंत आणि वर जिने चढून तो असाच आला होता, आणि दोन्ही पायांनी चकार शब्द काढला नव्हता.

“घाईत होतं असं,” मॅडम समजूतदारपणे म्हणाल्या.

“घाई नव्हती,” थंडोबा म्हणाला. हल्ली त्याला खोटं बोलायचाही कंटाळा यायचा.

थंडोबा हे काही त्याचं खरं नाव नव्हे, पण खरं नाव पगाराचा दिवस सोडला तर कुणाला लागत नसे. तो लॅबमधला टेक्निशियन. काम प्रोटीन वेगळं करायचं. प्रोटीन उबेला ठेवलं की नासतं, म्हणून ते सगळं कोल्ड रूममध्ये, म्हणजे माणूस आत उभा राहील एवढ्या मोठ्या फ्रिजमध्ये करायचं. बाकीचे आत गेले की दात वाजवत बाहेर यायचे. हा गेला की तासन्‌तास आतच. बोटं बधिर होऊन लाकडाची झाली तरी हातातलं पिपेट, म्हणजे थेंब मोजायची नळी, सोडायचा नाही. डबासुद्धा त्यानं तिथेच खाल्ला असता, पण बायकोनं एकदा ऐकवलं होतं, “गार करूनच गिळायचं असेल तर मी गरम करून कशाला देते? दगड भरून देत जाईन डब्यात.”

ज्या प्रोटीनपायी त्याचा जन्म गेला ते माणसाच्या शरीरातलंच. कोपाइन घराण्यातलं. त्याची करणी थोडक्यात सांगायची तर अशी : पेशीभोवती एक पातळसा तेलकट पडदा असतो. कॅल्शियम आलं की हे प्रोटीन जाऊन त्या पडद्याला चिकटतं. कॅल्शियम गेलं की सोडून देतं. चहाचा वास आला की शेजाऱ्यानं येऊन बसावं आणि कप रिकामे झाले की ‘निघतो’ म्हणावं, तसं. चिकटून ते तिथे नेमकं करतं काय, हे मात्र मॅडमच्या आधी लॅब चालवणाऱ्या जुन्या सरांना शेवटपर्यंत कळलं नाही. सरांनी त्यावर उभी हयात काढली, देशोदेशी भाषणं दिली आणि निवृत्तीच्या समारंभात प्रांजळपणे सांगितलं, “ते चिकटतं, एवढं नक्की.” टाळ्या पडल्या.

तर हे प्रोटीन बनवायची कृती, म्हणजे जीन, सुरुवातीला माणसाच्या रक्तातून उतरवून घ्यावी लागली. सरांनी लॅबमध्ये विचारलं, कोण देतंय रक्त? एकाला सर्दीची गोळी चालू होती. एकीला सुई बघून घेरी आली. एकजण ‘आलोच’ म्हणून गेला तो दुसऱ्या दिवशी उगवला. थंडोबा स्वतः बाही सारून बसला, पण नुकताच कोल्ड रूममधून आल्यामुळे त्याची शीरच सापडेना. तेवढ्यात त्याची बायको आली, घरी विसरलेला चष्मा द्यायला.

“वहिनी,” सर म्हणाले, “थोडं रक्त द्याल का? विज्ञानासाठी?”

“घ्या की,” ती खुर्ची ओढत म्हणाली. “तसंही घरात हे रोज पितातच. विज्ञानानं पण प्यावं थोडं.”

रक्त घेऊन झालं, कापसाचा बोळा दाबून झाला, सरांनी आभारसुद्धा मानले, तरी ती उठली नाही. सगळ्यांची चौकशी करून झाल्यावर उठली, आणि मग दारात उभी राहून तिनं आपल्या आत्येसासूच्या दाढदुखीची साद्यंत हकिकत सांगितली. ही तिची खोडच होती. कुणाकडेही गेली की निघताना दारात जे बोलणं व्हायचं ते आत बसून झालेल्या बोलण्यापेक्षा लांब असायचं. थंडोबाला त्या दारांमध्ये उभं राहून राहून पायांत गोळे यायचे.

तिच्या रक्तातून सरांनी तो जीन उतरवला आणि जिवाणूंच्या पोटात घातला. जिवाणू बिचारे भोळे. ते स्वतःचं अन्न रांधता रांधता तिचंही प्रोटीन रांधायला लागले. गरज लागेल तेव्हा वाढवायचे, नाहीतर बारक्या नळ्यांत भरून उणे ऐंशी अंशांच्या फ्रीझरमध्ये गोठवून ठेवायचे. गोठलेले ते मरत नाहीत, नुसते थांबतात. नळ्यांवर थंडोबानं स्वतःच्या अक्षरात लिहिलं, ‘वहिनी’. मग सगळी लॅबच तसं म्हणायला लागली. “वहिनी वाढल्या का?” “आज वहिनींचा वेग जरा मंद आहे.” “वहिनींना आधी बर्फात घाला, मग सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा.” एकदा बाहेरून तपासणीला आलेले एक गृहस्थ हे ऐकून चहा न घेताच निघून गेले होते.

पुढे एक भानगड निघाली. कॅल्शियम काढून घेतलं तरी वहिनींचं प्रोटीन पडदा सोडायला तयार नसे. अर्धं सुटायचं, अर्धं तिथेच रेंगाळायचं. सरांनी आधी थंडोबाला झापलं, मग लॅबच्या पाण्याला नावं ठेवली, मग औषधं पुरवणाऱ्या कंपनीला खरमरीत पत्र लिहिलं. शेवटी जीन अक्षर अक्षर लावून वाचला तेव्हा कळलं, एक अक्षर चारचौघांपेक्षा वेगळं होतं. तब्येतीला त्याचा काही त्रास नव्हता. प्रोटीन तेवढं निघता निघत नव्हतं.

थंडोबानं घरी जाऊन हे सांगितलं.

“मग?” ती म्हणाली. “चांगल्या घरचं आहे ते. काम झालं की तोंड फिरवून जायला ते काय मीटर बघायला आलंय?”

ती गेली ती भलत्याच कारणानं. आणि त्या वेळी मात्र अजिबात रेंगाळली नाही. सकाळी चहा ठेवला होता, दुपारी नव्हती. दारात उभीसुद्धा राहिली नाही.

त्याला वर्ष होऊन गेलं. लोक भेटायला आले, म्हणाले, “रडून घ्या. मोकळं वाटेल.” थंडोबा आज्ञाधारक माणूस. एका रविवारी दुपारी तो मुद्दाम त्यासाठी खुर्चीत बसला, आणि झोपला. कोल्ड रूममधून बाहेर आलं की बोटं आधी बधिर असतात, मग त्यांना मुंग्या येतात, मग ती दुखायला लागतात, आणि मग आपली होतात. त्याला वाटलं होतं हेही तसंच होईल. पण मुंग्याच येईनात.

नाही म्हणायला एक झालं होतं. तो सगळं दोनदा करायला लागला होता. एकदा केलेलं त्याच्या लक्षातच राहायचं नाही. दात दोनदा घासायचा. भाजीत मीठ दोनदा पडायचं. परवा आंघोळ करून आला, टॉवेल वाळत टाकला, आणि परत तोच टॉवेल घेऊन न्हाणीघराकडे निघाला तेव्हा मुलगी आडवी आली.

“बाबा, आत्ताच झाली ना तुमची?”

“झाली का?”

“केस ओले आहेत तुमचे.”

त्यानं डोक्याला हात लावून बघितला. ओले होते.

मुलगी नोकरी सांभाळून घर बघायची. स्वभावानं आईच्या उलट, झटपट. दोनच महिन्यांत तिनं आईचं कपाट रिकामं केलं होतं. प्रत्येक वस्तू हातात धरून विचारायची, “हे ठेवायचं का, बाबा?” आणि तो म्हणायचा, “दे टाकून.” कपडे गेले, चपला गेल्या, चष्मा गेला. त्याला काहीच वाटलं नाही. आपल्याला काही वाटत नाही याचंही काही वाटलं नाही. त्याला ठाऊक होतं, खरी वस्तू घरात नाहीच आहे. ती लॅबमध्ये आहे, खालून तिसऱ्या खणात. दर वर्षी एक नळी काढून तो तिला वाढवायचा, ताज्या नळ्या भरायचा, परत गोठवायचा.

आणि आता नव्या मॅडमनी तोच खण रिकामा करायला सांगितला होता. बुटांचा विषय त्याच बोलण्यात निघाला होता.

“जुनं सगळं काढायचं, काका,” मॅडम म्हणाल्या. वयानं त्याच्या मुलीपेक्षा थोड्याच मोठ्या, वागायला नीट, आवाज कधी चढवायच्या नाहीत. “कंपनीकडून नवा जीन मागवलाय. शुद्ध, प्रमाणित, एकही अक्षर इकडे तिकडे नाही. तुमच्या त्या जुन्यात चूक आहे ना एक?”

“चूक म्हणजे,” थंडोबा म्हणाला, “जरा रेंगाळतं.”

“तेच. आणि ते रक्त ज्यांनी दिलं त्यांची परवानगी कुठे आहे?”

“तोंडी दिली होती.”

“तोंडी चालत नाही हो आता. परवानग्या बघणारी समिती ऐकत नाही.” मॅडमनी क्षणभर विचार केला. “अजून घेता येईल का त्यांची सही? तुमच्या ओळखीच्या असतील ना?”

“ओळखीच्या आहेत,” थंडोबा म्हणाला. “पण सही नाही मिळायची.”

“का? बाहेरगावी असतात?”

“हो,” थंडोबा म्हणाला. नाही म्हटलं असतं तर पुढचं सगळं सांगावं लागलं असतं, आणि मॅडम चांगल्या बाई, त्यांना वाईट वाटलं असतं, आणि मग त्यांची समजूत काढत बसावं लागलं असतं.

“मग शुक्रवारी सगळं ऑटोक्लेव्हमध्ये घालून टाका,” मॅडम म्हणाल्या.

ऑटोक्लेव्ह म्हणजे जिवाणू मारायचा मोठा कुकर. त्यात गेलेलं परत येत नाही.

त्या दुपारी थंडोबानं जुन्या सरांना फोन लावला.

“सर, मॅडम वहिनींना टाकून देतायत.”

“देऊ दे रे,” सर उत्साहानं म्हणाले. “जुनं बदलायचंच असतं. माझे दोन्ही गुडघे आता कंपनीचे आहेत, सांगितलं का तुला? काय चालतात! मी त्यांच्या मागे मागे असतो.”

“वा.”

“आणि वहिनी कशा आहेत? खऱ्या?”

आपण सरांना कळवायचं राहून गेलं, की कळवलं होतं आणि सर विसरले, हे थंडोबाला आठवेना.

“आहेत,” तो म्हणाला. “उणे ऐंशीत.”

“छान, छान,” सर म्हणाले. “नमस्कार सांग.”

रात्री जेवताना त्यानं मुलीला विचारलं, “आपल्या फ्रिजमध्ये वरच्या बर्फाच्या कप्प्यात एक बारकी नळी ठेवू का?”

“काय आहे तिच्यात?”

थंडोबानं घास गिळला. “आई.”

मुलगी वाढता वाढता थांबली. पळीतली भाजी ताटाऐवजी पाण्याच्या भांड्यात पडली. तिनं ते भांडं बाजूला केलं, दुसरं आणून ठेवलं, पाणी ओतलं.

“बाबा,” ती म्हणाली, “आपला फ्रिज दर महिन्याला बंद पडतो.”

“ते आहेच.”

“आणि त्यात मासेवाल्यासारखा बर्फ साचतो. मीच विसरून सुरी घालीन खरवडताना.”

“बरोबर आहे,” थंडोबा म्हणाला. घरातल्या बर्फात वहिनी फार दिवस टिकायच्या नाहीत हे त्यालाही माहीत होतं. शिवाय लॅबमधले जिवाणू घरी न्यायचे नसतात, हा नियम त्यानं स्वतःच सगळ्यांना शिकवला होता, बोट नाचवून.

“मला हे आधी का नाही सांगितलंत?” मुलीनं विचारलं. “मी चष्मासुद्धा देऊन टाकला तिचा.”

“मला वाटलं तुला माहितीये.”

“कसं माहिती असणार?”

त्यानं भाजी खाल्ली. मीठ दोनदा पडलेलं होतं. ती त्यानंच केली होती.

मग आयुष्यात प्रथमच थंडोबानं लबाडी करायचं ठरवलं. लबाडी अगदी साधी होती. नव्या मॅडमच्या फ्रीझरमध्ये जादा नळी ठेवायची सोय नव्हती. प्रत्येक नळीवर छापील पट्टी, ती यंत्रानं पीप केल्याशिवाय फ्रीझरचं दार उघडायचं नाही की मिटायचं नाही. पण नळीच्या आत काय आहे हे यंत्राला थोडंच दिसतं? कंपनीच्या जीनचे जिवाणू थंडोबाच वाढवणार होता आणि छापील नळीत थंडोबाच भरणार होता. त्यांच्याऐवजी वहिनींना भरायचं. एका अक्षराचा तर फरक. वर्षानुवर्षं त्या एका अक्षरासकट सगळं विज्ञान सुरळीत चाललं होतं, पुढेही चाललं असतं. वहिनी शुद्ध, प्रमाणित म्हणून मॅडमच्या डोळ्यांदेखत राहिल्या असत्या, थंडोबा निवृत्त झाला असता तरी.

गुरुवारी त्यानं दोन फ्लास्क, म्हणजे काचेचे चंबू, लावले. एकात कंपनीचे जिवाणू, एकात वहिनी. वहिनी कशाला वाढवायच्या असं मॅडम विचारतील म्हणून त्यानं उत्तर तयार ठेवलं होतं, पण त्याची गरजच पडली नाही. समितीचा नियमच होता : नष्ट करण्याआधी जिवाणू जिवंत असल्याची खात्री करून घ्यावी. हा नियम कुणी आणि का केला हे कुणाला माहीत नव्हतं, पण मॅडम नियम पाळणाऱ्या होत्या.

संध्याकाळपर्यंत दोन्ही फ्लास्कांत गढूळ पाणी तयार झालं, अगदी सारखं. एकावर चिकटपट्टी होती ‘नवी’, दुसऱ्यावर ‘वहिनी’. लॅब रिकामी झाली. थंडोबा डबा आवरून निघालाच होता, आणि त्याच्या मनात आलं, मॅडम सकाळी लवकर येतात. हौशीनं आपल्या हातानंच नळी भरली तर? तो परत फिरला. दोन्ही पट्ट्या नखानं अलगद सोडवल्या, ‘नवी’ची ‘वहिनी’वर आणि ‘वहिनी’ची ‘नवी’वर लावली. आता मॅडमनी स्वतः भरलं तरी वहिनीच भरल्या जाणार. असलं चोख काम त्यानं कित्येक दिवसांत केलं नव्हतं. मग मुलीचा फोन आला, येताना काहीतरी आणायचं होतं, ते काय होतं ते आठवत आठवत तो घरी गेला, आणि भलतंच घेऊन गेला.

शुक्रवारी सकाळी तो मॅडमच्याही आधी पोचला. बूट त्यानं दारातच दोनदा तपासले होते, दोन्ही काळे. फ्लास्क कोल्ड रूममध्ये नेले, दार लोटलं. छापील पट्टीची कोरी नळी उघडली. आज आयुष्यातली पहिली अदलाबदल करायची होती. त्यानं ‘वहिनी’ लिहिलेला फ्लास्क पुढे ओढला, त्यातलं गढूळ पाणी पिपेटनं उचललं आणि छापील नळीत सोडलं. झाकण फिरवलं. नळी मुठीत धरून तो जरा वेळ तसाच उभा राहिला.

“निघायचं नाही,” तो नळीला म्हणाला. “रेंगाळ आता हवी तेवढी.”

मॅडम आल्या. यंत्र पीप म्हणालं. छापील नळी उणे ऐंशीत गेली.

मग तो खालून तिसऱ्या खणातल्या सगळ्या जुन्या नळ्या आणि उरलेले दोन्ही फ्लास्क एका ट्रेमध्ये घालून तळमजल्यावर घेऊन गेला. तिथला ऑटोक्लेव्ह बघायचा तो स्फोट्या. एकदा त्याच्या हातून कुकरचं झाकण छताला लागलं होतं, तेव्हापासून स्फोट्या. थंडोबाचा जुना दोस्त, वहिनींच्या हातचा चहा वर्षानुवर्षं प्यायलेला.

“या, या. आज कुणाला पाठवायचंय?” स्फोट्यानं आरोळी दिली.

“वहिनींना.”

स्फोट्यानं ट्रेमधली एक नळी उचलून वाचली. त्याचा चेहरा उतरला.

“सगळ्या?”

“सगळ्या.”

“एखादी राहू दे ना रे. मी ठेवतो इथं माझ्याकडे, झाडूच्या मागे.”

“झाडूच्या मागे उणे ऐंशी आहे का?”

“नाही.”

“मग लाव.”

थंडोबाला आतून हसू फुटत होतं. खऱ्या वहिनी वर आरामात आहेत, हे या गाढवाला सांगावं असं त्याच्या अगदी ओठांवर आलं, पण लबाडीत वाटेकरी नको म्हणून त्यानं दातांखाली जीभ धरली. स्फोट्यानं ट्रे आत सरकवला, झाकणाचे पेच आवळले, बटण दाबलं. मग त्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि हात जोडून उभा राहिला.

“अरे, टोपी घाल,” थंडोबा म्हणाला. “कुकर आहे तो.”

“तू गप,” स्फोट्या म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. “तुला मेल्या काही वाटत नाही.”

थंडोबा शीळ घालत जिना चढला.

पुढचे काही दिवस त्याचे बरे गेले. सकाळी आला की तो आधी फ्रीझरपाशी जायचा. उघडत नसे, यंत्र पीप करेल म्हणून. नुसता पत्र्यावर हात टेकवायचा. एकदा घरी जेवताना तो आपणहून म्हणाला, “आज आत्येसासूच्या दाढेची गोष्ट आठवली,” आणि मुलीला सगळी गोष्ट सांगितली, आईसारखी, आडवळणानं. मुलगी हसली. मग म्हणाली, “बाबा, तुमच्या हातातला घास केव्हाचा तसाच आहे.” त्यानं तो खाल्ला. त्याला वाटलं, करंगळीला जराशा मुंग्या आल्या.

मग मॅडम म्हणाल्या, “चला काका, आपला शुद्ध जीन काय करतो बघू या.”

नेहमीचंच काम होतं. त्यानं छापील नळीतले जिवाणू वाढवले, फोडले, प्रोटीन बाहेर काढलं. तेलकट पडद्याचे बारीक फुगे घातले, कॅल्शियम घातलं. प्रोटीन जाऊन चिकटलं. सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलं, चिकटलेलं सगळं तळाला गाळात बसलं. मग कॅल्शियम पकडून घेणारं औषध घातलं, परत फिरवलं. आता खरी गंमत होती. सोडून दिलेलं प्रोटीन वरच्या पाण्यात येणार, रेंगाळलेलं गाळात राहणार. पाणी वेगळं, गाळ वेगळा, दोन्ही शेजारी शेजारी जेलमध्ये, म्हणजे खरवसासारख्या पातळ वडीत, सोडायचे आणि निळ्या रंगात बुडवायचे. प्रोटीन असेल तिथे निळा पट्टा उमटतो. वहिनींचे नेहमी दोन पट्टे यायचे, अर्धा पाण्यात, अर्धा गाळात. हे बघून मॅडम कंपनीला झापणार, हे थंडोबानं धरून ठेवलं होतं. कंपनी दिलगिरी कळवणार, त्यात महिने जाणार, तोवर पुढचं बघता येईल. मॅडमपुढे काय चेहरा करायचा याची त्यानं न्हाणीघराच्या आरशात तालीम केली होती. दोनदा.

जेल उजेडाच्या पेटीवर ठेवलं. मॅडम वाकल्या. थंडोबा वाकला.

पाण्याच्या रांगेत एक जाड, गडद, निळा पट्टा होता. गाळाच्या रांगेत काही नव्हतं.

“वा!” मॅडमनी टाळी वाजवली. “काय सुंदर सुटलंय! जरासुद्धा मागे राहिलं नाही. बघा, काका, याला म्हणतात शुद्ध.”

थंडोबानं गाळाची रांग वरून पाहिली, बाजूनं पाहिली. चष्मा काढून पुसून पाहिली. कोरी होती.

मग त्याला गुरुवारची संध्याकाळ आठवली. तो निघाला होता आणि परत फिरला होता. नखाखाली चिकटपट्टीचा डिंक आला होता, तो बसमध्ये बसून त्यानं काढला होता. पट्ट्या त्यानं बदललेल्या होत्या. आणि शुक्रवारी सकाळी, ते विसरून, ‘वहिनी’ लिहिलेल्या फ्लास्कमधून त्यानं नळी भरली होती. एकदा बदललेलं त्यानं परत बदललं होतं. जे जिथे असायला हवं होतं ते बरोबर तिथेच गेलं होतं. कंपनीचा जीन कंपनीच्या नळीत. वहिनी कुकरमध्ये.

“खरंच हो,” मॅडम म्हणाल्या, “तुमच्या हातून अदलाबदल म्हणून व्हायची नाही.”

“नाही,” थंडोबा म्हणाला.

“चहा मागवते. आज माझ्याकडून.”

तो चहा प्यायला. कोल्ड रूममध्ये जाऊन ओटा पुसला, नळ्या धुतल्या, बर्फाची बादली पालथी घातली. जेलचा फोटो काढून झाला होता, तेव्हा ते रिवाजाप्रमाणे पिशवीत घालून तळमजल्यावर टाकून द्यायचं होतं. तो घेऊन गेला. स्फोट्या टोपी घालून बसला होता. सरकून त्यानं बाकावर जागा केली. थंडोबा बसला. दोघं कुकरकडे बघत बसले. कुकर बंद होता.

“त्या दिवशी,” थंडोबानं विचारलं, “किती वेळ उभा होतास तू?”

“शिटी होईपर्यंत,” स्फोट्या म्हणाला. “मग जरा वेळ दारात.”

“बरं केलंस.”

थंडोबानं दोन्ही हात समोर धरून बोटं उघडली, मिटली. मुंग्या आल्या नाहीत. तो वर गेला, लॅबच्या सपाता काढून बूट घातले आणि घरी गेला.

मुलीनं दार उघडलं. तिनं खाली पाहिलं.

“बाबा,” ती म्हणाली, “बूट.”

दोन्ही काळे होते, नाडीचे, एकाच जोडीचे. उजवा डाव्या पायात होता आणि डावा उजव्या.